खाडीकडचं दार

मालवणहून तारकर्ली ओलांडून दक्षिणेला निघालं की जमीन अरुंद होत जाते, आणि जिथे ती संपते तिथे देवबाग. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्लीची खाडी, टोकाला दोघांचा संगम. मधल्या माडांच्या पट्टीत आमचं घर. पडवीत बसलं की समोरून समुद्राची गाज. मागच्या न्हाणीकडे गेलं की खाडीचं पाणी, आणि त्याचा आवाज जवळपास नाहीच. आम्ही चुलत-आते भावंडं आता डोंबिवली, पुणे, म्हापसा अशी विखुरलोय. गणपतीला जमलो की रात्री गजाली रंगतात, आणि त्या झाडून सगळ्या समुद्राच्या असतात. रापणीच्या, वादळाच्या, आबांनी धरलेल्या कुठल्याशा अजस्र मोरी माशाच्या. (ही मोरी दर वर्षी वीतभर वाढते.) पण सत्तरचं दशक संपताना आणि ऐंशीचं उजाडताना त्या घरात आमच्या ताटात काय पडत होतं, याचा हिशेब मांडायला बसलं की समुद्राची बाजू फार हलकी भरते. आम्ही वाढलो ते बरंचसं खाडीकडच्या दारातून आलेल्यावर.

समुद्राचा थाट मोठा होता हे खरं. रापणीला होडी अर्धगोल फिरून जाळं सोडत यायची, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि मग दोन्ही बाजूंनी माणसं लागून ते ओढायची. आम्ही पोरं शेपटीला लटकल्यासारखी दोराच्या शेवटाला लागायचो. आमच्या ओढण्याने जाळं तसूभरही पुढे येत नसणार, पण मूठभर तारल्या किंवा पेडवे पदरात पडायचेच. बांगडा लागला की किनाऱ्यावर आरडाओरडा, वाटे, भांडणं, सगळं एकदम. नारळी पुनवेला आबा इस्त्रीचं धोतर नेसायचे. वर्षातून तेवढंच एकदा. मोठ्या भावंडांना चौगुल्यांची ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ आठवते: भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट मालवणला लांब पाण्यात उभी राहायची, उतारूंना होड्यांतून काठावर आणायचे, आणि मुंबईकर काकांच्या ट्रंकेला समुद्राचं पाणी लागलेलं असायचं. असल्या गोष्टी सांगायला बऱ्या वाटतात.

पण रापणीला मासळी लागलीच नाही तर वाटाही नाही, आणि असे दिवस ओळीने यायचे. मिरगाच्या आधी होड्या वर ओढून झापांनी शाकारल्या की नारळी पुनवेपर्यंत समुद्र बंद. त्या अडीच महिन्यांसाठी खारे बांगडे, सुकी मोरी, गोलमो यांची बेगमी माळ्यावर असायची. श्रावण लागेपर्यंत मडकी खरवडायची वेळ यायची. तेव्हा मागच्या दाराने शेवटे यायचे, काळुंद्र यायची, पावसाच्या गढूळ पाण्यातून कुर्ल्या यायच्या. पाग फेकायला धाकटा काका आणि घरचा गडी. बाकी सगळी खाडी बायकांची.

दिवाळीनंतर पाणी निवळलं की तिसरे, खुबे, कालवं यांचा हंगाम. त्याचं वेळापत्रक आजीच्या डोक्यात. ती शाळेत गेलेली नव्हती. भिंतीवरचं ‘कालनिर्णय’ आम्ही वाचून दाखवायचो. सकाळी चुलीशी बसल्या बसल्या ती विचारायची, “आज तीथ खयची रे?” पंचमी म्हटलं की क्षणभर डोळे मिटायचे आणि उत्तर यायचं, “सुकती धा वाजता.” हे तिला कसं कळतं ते कोडं मला चौथीत सुटलं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. पंचमीला पावणेचार, त्यात सहा तास मिळवले की दहाच्या सुमाराला ओहोटी. शाळेत गुरुजींनी छडीच्या धाकावर पाठ करून घेतलेली पाऊणकी आमच्या घरी रोज चुलीपुढे वापरात होती, फक्त ती पाऊणकी आहे हे कोणी सांगितलं नव्हतं. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही खोल. कालवांचे खडक तेव्हाच उघडे पडायचे. अष्टमीच्या आसपासच्या भांगाला पाणी फारसं हलायचं नाही, त्या दिवशी काक्या झावळ्या विणायला बसायच्या. रविवार, सोमवार यांचा आमच्या चुलीशी काही संबंध नव्हता.

थोरल्या काकीबरोबर मी पुष्कळदा गेलोय. साडीचा काचा मारून ती गुडघाभर पाण्यात उतरायची आणि वाकायच्या आधी नुसती उभी राहायची. पाय चिखलात सावकाश सरकवत, अंगठ्याने चाचपत. तिसरा पायाला लागतो तेव्हा दगडापेक्षा गुळगुळीत लागतो आणि किंचित निसटतो. लागला की हात खाली, पाटीत टाकला, पुढे. तोंडाने ती आमच्या शाळेची चौकशी करत असायची. पायांचं काम वेगळं चाललेलं. घरी आणलेले तिसरे रात्रभर पाण्यात ठेवायचे, म्हणजे पोटातली वाळू ओकतात. सकाळी आडाळ्यावर बसून एकेक उघडायचा: पात्याची कड दोन शिंपल्यांच्या फटीत, अंगठ्याचा एक दाब, आणि मांस एका शिंपीत राखून दुसरी बाजूला. घाई केली तर मांस फाटतं, सावकाशी केली तर पाटी दुपारपर्यंत संपत नाही. मग ओलं खोबरं, भाजलेला कांदा, आमसुलं. शिंपल्यांचा ढीग न्हाणीमागे वाढत राहायचा. अनवाणी पळताना त्याने कापलेला तळपाय आमच्यातल्या प्रत्येकाच्या वाट्याला आलाय.

जास्तीचं घेऊन काक्या होडीने पलतडीला जायच्या. कोरजाई, परुळे, आणखी वर चढून चिपीपर्यंत. डोक्यावर पाटी, आत ओलं किंवा सुकं, आणि परतीच्या पाटीत भात. पैशांत व्यवहार कमीच. कोणत्या घरी म्हातारी आजारी आहे, कोणाकडे लग्न ठरलंय, कोण पायली चेपून मोजतो आणि कोण सैल, हे सगळं त्यांना ठाऊक. आमच्या वाळूत भात पिकत नव्हतं. माड, थोडी पालेभाजी, बस्स. तेव्हा आम्ही खाल्लेली उकड्या तांदळाची पेज पलतडीच्या मळ्यांतली, आणि ती आणली काक्यांच्या मानेने. आबा मात्र पाहुण्यांना अभिमानाने सांगायचे, “आमका दर्यान पोसला.” काकी आतून पाणी आणून द्यायची आणि काही बोलायची नाही.

रोकड यायची ती मनीऑर्डरने. थोरले काका लालबागच्या एका गिरणीत साचा खात्यात, मधले गोदीत. पोस्टमन पडवीत बसून नोटा मोजायचा, आजीचा अंगठा घ्यायचा आणि मग फॉर्मच्या तळाशी काकांनी लिहिलेल्या दोन ओळी वाचून दाखवायचा. त्या दोन ओळींत आजीचं औषध, घराची शाकारणी, आमच्या फिया आणि “बाकी सर्व ठीक” एवढं सगळं मावायचं. काकांनी मुंबईत काय खाल्लं, गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत पाळीने कसे झोपले, हे त्यात कधी आलं नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार, डॉ. दत्ता सामंत पुढारी. आमच्याकडे त्याची बातमी आली ती पोस्टमन न येण्याने. थोरले काका शिमग्याला आले. दर वर्षी यायचे तसेच, पण या वेळी परतीचं तिकीट काढलेलं नव्हतं. पहिले काही दिवस ते मुंबईकराच्या ऐटीत किनाऱ्यावर हिंडले. रापणीत त्यांचा वाटा नव्हता. वाटा असतो तो जाळ्यात, होडीत, वर्षभराच्या श्रमात ज्यांचं काही असतं त्यांचा. दोराला हात लावला तर पोरांसारखी मूठभर मासळी मिळाली असती, आणि चाळिशीच्या माणसाने ती कशी घ्यायची?

तेव्हा काकीबरोबर खाडीत उतरायचं ठरलं. ठरवलं आजीने. काकांची एकच अट होती, पहाटे काळोखात जायचं, कोणी बघायला नको. बाईमाणसाचं काम करताना वाडीने बघितलं असतं तर शिमग्याच्या सोंगात त्यांचंच सोंग निघालं असतं, असं त्यांना वाटत असावं. आजी म्हणाली, “तुझ्यासाठी पाणी काय लवकर सुकूचा नाय. आज पंचमी.” म्हणजे दहा वाजता. लख्ख उन्हात, काठावरच्या सगळ्या घरांच्या मागच्या अंगणांतून भांडी घासणाऱ्या बायका बघत असताना, काका लेंगा गुडघ्यावर दुमडून पाण्यात उतरले. काकी पुढे चालत होती, मागे वळून बघत नव्हती. तेही मुद्दामच असणार. एका शेजारणीने काठावरून ओरडून विचारलं, “काय ओ, मिलाक सुट्टी काय?” काकांनी उत्तर दिलं नाही. कालवांच्या खडकावर दोन्ही पाय सोलटून घेतले आणि पाटीचा तळही झाकला जाईल न जाईल एवढे तिसरे घेऊन परत आले.

पण आडाळ्यावर ते आमच्या घरातल्या सगळ्यांना भारी निघाले. साच्यावर तुटलेला धागा जोडण्यात आयुष्य गेलेली बोटं. फट त्यांना डोळ्यांच्या आधी बोटांना कळायची. मिरगापर्यंत काकी पाटी भरून आणायची आणि काका पडवीत नव्हे, मागच्या दारात बसून ती रिकामी करायचे. पलतडीला पाटी घेऊन जाणं मात्र त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही.

त्या वर्षी आमच्यापैकी कोणाची शाळा सुटली नाही. माझ्या मते त्या घराने केलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच, आणि गणपतीतल्या गजालींत ती कधीच येत नाही. काका संपाबद्दल भरभरून बोलायचे: सामंतांच्या सभा, गेटवरच्या घोषणा, कोण फितूर झाला. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, हे ते प्रत्येक वेळी बजावून सांगायचे. त्या उन्हाळ्यात घर कशावर चाललं, हे ना त्यांनी सांगितलं ना काकीने. तिला विचारलं तर म्हणायची, “तेतू काय सांगण्यासारख्या हा?”

आता देवबागचं नाव मुंबई-पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. ९ ऑक्टोबर २०२१ ला पलतडीला चिपीचा विमानतळ सुरू झाला. ज्या चढणीवर काक्या पाटी उतरवून दम खायच्या, त्याच माळावर. समुद्राकडच्या बाजूला खोल्या, हॉटेलं, स्कूबाचे फलक. आणि त्याच बाजूने समुद्र जमीन खात चाललाय. आमचे समोरचे माड गेले, शेजाऱ्यांची पडवी गेली. दगडी बंधारा बांधला, लाटा त्याच्यावरूनही येतात. बंधारा हवा की नको यावर वाडीत दोन तट आहेत. ज्यांची घरं पुढे आहेत त्यांना तो आणखी उंच हवा. जे अजून जाळं लावतात ते विचारतात, होड्या ओढायच्या कुठून आणि रापण लावायची कुठे. दोघांचंही बरोबर आहे, म्हणूनच ग्रामसभा लांबतात. खाडीतल्या वाळूउपशाने किनाऱ्याचं नुकसान होतं असं गावातले जाणते सांगतात. ते मात्र सगळ्यांनाच मान्य, आणि त्यावर बोलताना आवाज खाली येतो. आमच्या बोलण्यात खाडी आली ती अशी, दबक्या आवाजात.

चुलतभावाने घराच्या चार खोल्या पाहुण्यांसाठी केल्यात. सगळ्यांची खिडकी समुद्राकडे. त्या खिडकीपायी खोलीला पाचशे रुपये जास्त. मागच्या बाजूला पाण्याची टाकी आणि जनरेटर. वहिनी हाताने वाटण करते आणि तिच्या तिसऱ्यांच्या थाळीचं नाव पार कोल्हापूरपर्यंत गेलंय. तिसरे ती आता पलतडीच्या दोघी बायकांकडून विकत घेते. त्या होडीने येतात, भाव उतरवत नाहीत, आणि वहिनीने घासाघीस केली की पाटी उचलून पुढच्या हॉटेलाकडे चालू लागतात. मग वहिनी त्यांना हाक मारून परत बोलावते. काकी असती तर या बायकांवर खूश झाली असती.

गेल्या मे महिन्यात पुण्याच्या एका कुटुंबाने थाळी संपवून वहिनीला विचारलं, “ताई, हे इथल्याच समुद्रातले का?” वहिनी वाढता वाढता म्हणाली, “हो तर, आजच आलेत.”