कोणी थांबवलं, ते तरी सांगा

पीक विम्यावर मागे एक पोस्ट टाकली होती. दुसऱ्या दिवशी एका शिक्षक मित्राचा पर्सनलवर मेसेज आला, "भाऊ, सगळं बरोबर लिहिलं. पण लाइक नाही करत, राग नका मानू." राग कशाचा? जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारनं कर्मचाऱ्यांच्या सोशल मीडिया वापराबद्दल परिपत्रक काढलं, ते त्याच्या शाळेच्या ग्रुपवर तीनदा फिरलं होतं. सरकारच्या धोरणावर टीका करायची नाही, केली तर शिस्तभंगाची कारवाई. १९७९ च्या वर्तणूक नियमांत यातलं बरंचसं आधीपासून आहे म्हणा, पण तेव्हा मास्तरच्या खिशात फेसबुक नव्हतं.

मला ते परिपत्रक पटत नाही. शेतकऱ्याचं पोरगं मास्तर झालं म्हणून बापाला विमा मिळाला नाही हेही त्यानं बोलू नये, हे कुठलं शास्त्र? तरी त्या कागदाची एक गोष्ट कबूल करावी लागते. त्यावर तारीख आहे, खात्याचं नाव आहे, सही आहे. भांडायचं तर कोणाशी भांडायचं ते समजतं. कोर्टात जायचं तर कशाविरुद्ध जायचं तेही समजतं. आज बोलायचं आहे ते जिच्यावर सही दिसतच नाही, अशा बंदीबद्दल.

सही असलेली बंदी आपण यवतमाळकरांनी दारात पाहिली आहे. जानेवारी २०१९. १९७३ मध्ये गदिमांच्या अध्यक्षतेखाली इथं साहित्य संमेलन झालं होतं, त्यानंतर ४६ वर्षांनी ९२ वं अखिल भारतीय संमेलन गावात आलं. अध्यक्ष अरुणा ढेरे. उद्घाटनाला बोलावलं नयनतारा सहगल यांना. वय ९१. वडील रणजित सीताराम पंडित मूळ कोकणातल्या मराठी घराण्यातले, आई विजयालक्ष्मी पंडित. इंदिरा गांधींच्या घरातली बाई, पण आणीबाणीच्या विरोधात उभी राहिली. २०१५ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार परत केला. त्या इथं येऊन काय बोलणार याचा अंदाज कोणालाही बांधता आला असता.

मग "मराठी संमेलनाला इंग्रजी लेखिका कशाला" म्हणून मनसेच्या इथल्या पदाधिकाऱ्यांनी संमेलन उधळायचा इशारा दिला. आयोजक घाबरले आणि कायदा-सुव्यवस्थेचं कारण देऊन निमंत्रण मागे घेतलं. पडद्यामागे कोणाचा हात होता यावर तेव्हा लई तर्क झाले, ते बाजूला ठेवू. पडद्यासमोर जे घडलं तेच पुरेसं आहे.

कारण पुढचे पाच दिवस आठवून पाहा. राज ठाकरेंना जाहीर सांगावं लागलं की सहगल यांना आपला विरोध नाही, आणि त्यांनी दिलगिरीही व्यक्त केली. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांना राजीनामा द्यावा लागला. बरेच लेखक आलेच नाहीत. ११ जानेवारीला मंडपात काही बाया सहगल यांच्या चेहऱ्याचे मुखवटे लावून बसल्या. मावळते अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख भर व्यासपीठावरून या प्रकारावर बोलले, अरुणाताईही बोलल्या. आणि उद्घाटन कोणी केलं? कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. नवऱ्यानं आत्महत्या केल्यावर अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम करून लेकरं वाढवणारी बाई. अडचणीत दिल्लीची नाही तर गल्लीतलीच बाई कामी येते, अशा अर्थाचं त्या बोलल्या, आणि मंडप टाळ्यांनी दणाणला.

पण मला जास्त आठवतो तो फोन. सहगल यांचं न झालेलं भाषण मराठीत येऊन माझ्याकडे एका दिवसात चार ग्रुपमधून आलं. एक ग्रुप तर कापसाच्या भावाचा होता! मंडपात वाचलं असतं तर पुढच्या रांगांतल्या पाहुण्यांनी ऐकलं असतं, मागचे पुस्तकांच्या स्टॉलकडे वळले असते. अडवल्यामुळे ते दारव्ह्याच्या पानटपरीपर्यंत पोचलं.

म्हणजे मंच बंद झाला तेव्हा फोन उघडा होता. आणि मंच कोणी बंद केला हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. बंदी घालणाऱ्यांना नाव होतं, म्हणून त्यांना लाज वाटू शकली.

आता तेच भाषण आज आलं आणि ते टाकणारं खातंच दिसेनासं झालं, असं समजा. तुम्हाला पाटी दिसेल, कायदेशीर मागणीनुसार हा मजकूर भारतात रोखला आहे. कोणाची मागणी? कोणत्या वाक्यावर? पाटी मुकी. राजीनामा कोण देणार? मुखवटा कोणाच्या चेहऱ्याचा लावायचा?

हे मी मनानं रचत नाही. १ फेब्रुवारी २०२१, दिल्लीच्या सीमेवर शेतकरी बसले होते तेव्हा केंद्राच्या आदेशावरून ट्विटरनं सुमारे २५० खाती भारतात रोखली. त्यात किसान एकता मोर्चा होता, कॅरव्हान मासिक होतं. ट्विटरनं खाती पुन्हा उघडली तेव्हा सरकारनं कंपनीला कारवाईचा इशारा दिला, आणि काही दिवसांत आणखी खाती बंद झाली. आंदोलनातल्या शेतकऱ्याला आपलं खातं का गेलं याचा कागद कोणी दिला नाही. आदेश कंपनीला जातो, लिहिणाऱ्याला नाही.

कायदा असा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली केंद्र सरकार मजकूर रोखायला सांगू शकतं. त्यासाठी २००९ चे नियम आहेत, समिती आहे, कारणं लिहून ठेवावी लागतात. पण त्याच नियमांतला १६ वा नियम म्हणतो, हे सगळं गोपनीय. कारणं लिहायची आणि कपाटात ठेवायची, असा प्रकार. त्याच्या जोडीला कलम ७९. लोक जे टाकतात त्यासाठी कंपनीला जबाबदार धरू नये म्हणून तिला एक संरक्षण दिलं आहे. सरकारनं कळवलेला मजकूर काढला नाही तर ते संरक्षण जातं. यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयानं ऑक्टोबर २०२४ मध्ये 'सहयोग' नावाचं पोर्टल सुरू केलं. त्यावरून केंद्राच्याच काय, राज्यांच्या यंत्रणा आणि पोलीसही कंपन्यांना कळवू शकतात. एक्स कंपनी याविरुद्ध कर्नाटक उच्च न्यायालयात गेली, २४ सप्टेंबर २०२५ ला हरली. महिन्याभरात केंद्रानं नियम बदलला. आता केंद्रात सहसचिव आणि पोलिसांत उपमहानिरीक्षक दर्जाच्या खालचा अधिकारी असं कळवू शकत नाही, आणि कारण नोंदवावं लागतं. सुधारणा आहे, नाही म्हणत नाही. याचा दुसरा अर्थ, त्याआधी बरेच खालचे साहेबही कळवत होते.

ही युक्ती नवी नाही. इंग्रजांनी १९०८ मध्ये टिळकांना केसरीतल्या लेखांसाठी सहा वर्षांची शिक्षा दिली, तेव्हा लेख समोर ठेवून खटला चालवावा लागला. भाषांतर बरोबर की चूक यावर टिळक कोर्टात दिवसचे दिवस भांडले. शिक्षा झाली, पण टिळक मोठे झाले. मग १९१० चा प्रेस ॲक्ट आला. त्यात लेखकाच्या मागं लागायची गरजच ठेवली नाही. छापखानेवाल्याकडून ५०० ते २००० रुपयांचा जामीन घ्यायचा, सरकारला न आवडलेलं काही छापलं की जप्त करायचा. तेव्हाचे २००० म्हणजे गावातला अख्खा छापखाना बुडायचा. असा छापखानेवाला लेखकाला काय सांगणार? "बापू, हे राहू दे, दुसरं काही द्या." कलम ७९ हा मला तोच जामीन वाटतो. कॅलिफोर्नियातल्या कंपनीला तुमच्या-माझ्या पोस्टचं काय पडलं आहे? तिला इथला धंदा पाहिजे. पोस्ट काढणं स्वस्त, भांडणं महाग.

उलट उदाहरण पालघरचं. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद होती. एका मुलीनं फेसबुकवर बंदबद्दल चार ओळी लिहिल्या, मैत्रिणीनं लाइक केलं, दोघींना अटक. वाईटच झालं. पण ते दिसलं! पोलीस ठाणं दिसलं, गुन्ह्याचं कलम दिसलं, त्या चार ओळीही देशभर वाचल्या गेल्या. पोलीस अधिकारी निलंबित झाले. कायद्याच्या एका विद्यार्थिनीनं थेट सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ ला कलम ६६-अ पूर्ण रद्द झालं. आता असा विचार करा, की त्या मुलींना कोणी हातच लावला नसता, फक्त पोस्ट गुपचूप नाहीशी झाली असती. ६६-अ कधी पडलं असतं का? (त्याच निकालात ६९-अ मात्र शाबूत राहिलं, तेही सांगायला पाहिजे.)

आता कोणी म्हणेल, भाऊ, मग अफवांचं काय? बरोबर प्रश्न आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला भिक्षुकीला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना पोरं पळवणारे समजून जमावानं ठेचून मारलं. व्हॉट्सॲपवरच्या अफवेनं. नोव्हेंबर २०२१ मध्ये शेजारच्या अमरावतीत दंगल पेटली तेव्हा इंटरनेट बंद करावं लागलं. अशा वेळी पोस्ट काढा, ताबडतोब काढा, मी पहिला हात वर करीन. पण राईनपाड्याची अफवा काढणाऱ्याला सही करायला कशाची भीती? जो अधिकारी माणसांचा जीव वाचवायला पोस्ट काढतो, तो तर नाव छाती पुढे काढून सांगेल. नाव लपवावं असं वाटतं ते विम्याची, खताच्या लिंकिंगची, अर्धवट पुलाची पोस्ट काढताना.

आणि खोटं कोणतं हे सरकारनंच ठरवायचं का, यावर आपल्या मुंबई उच्च न्यायालयानं निकाल दिलेला आहे. केंद्राच्या कामाबद्दलचा मजकूर खोटा की खरा ते केंद्राचंच फॅक्ट चेक युनिट ठरवणार होतं. कुणाल कामरा वगैरे कोर्टात गेले. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, तिसरे न्यायमूर्ती चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ ला तो नियम घटनाबाह्य ठरवला. हा नियम छापील होता, म्हणून त्याला आव्हान देता आलं.

गावपातळीवर मात्र आदेशाचीही गरज उरली नाही. निवडणुका आल्या की "ग्रुप ॲडमिनवर कारवाई होईल" असा मेसेज फिरतो आणि ॲडमिन ग्रुपला कुलूप लावून मोकळा. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात नागपूर खंडपीठानं २०२१ मध्येच सांगितलं आहे, सामायिक हेतू किंवा आधीचं संगनमत नसेल तर सदस्याच्या पोस्टसाठी ॲडमिन दोषी नाही. हा निकाल किती ॲडमिनना माहीत आहे? गुड मॉर्निंगच्या फुलांऐवजी हा फिरवला तर बरं होईल.

माझं मागणं लहान आहे. पोस्ट काढायची तर काढा, पण ज्याची आहे त्याला कागद द्या. कोणत्या खात्यानं सांगितलं, कोणतं वाक्य, कोणतं कलम, अपील कुठे करायचं. सातबाऱ्यावरचं नाव कमी करताना तलाठी नोटीस काढतो. बोलणाऱ्याचं नाव कमी करताना का नको?

तोवर आपलं आपण नोंद ठेवू. यवतमाळ, वणी, पुसद, उमरखेड, पांढरकवडा, कुठलेही असा, गेल्या दोन वर्षांत तुमची एखादी पोस्ट, व्हिडिओ किंवा पेज रोखलं गेलं असेल तर खाली कमेंटमध्ये लिहा. तारीख, कुठल्या ॲपवर, विषय काय, आणि पडद्यावर आलेली पाटी शब्दशः. स्क्रीनशॉट असेल तर उत्तम. नोकरीत असाल तर लाइक नका करू, इनबॉक्समध्ये पाठवा, नाव बाहेर जाणार नाही. कोणत्याही पक्षाच्या सरकारबद्दल लिहिलेलं असो, चालेल. यादी झाली की इथंच टाकतो.