टाइट एंड, एम-थ्री आणि पार्टनर

शनिवार सकाळ. मशीनमध्ये कपडे फिरतायत, दुसरा चहा झालाय, आणि बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. डि मॉइनमधला बर्फ एकदाचा गेला. (स्पेलिंगच्या शेवटी एस आहे, पण म्हणायचा नसतो. पहिले सहा महिने मी तो इमानेइतबारे म्हणत होतो आणि लोक सभ्यपणे ऐकून घेत होते.)

बर्फ गेला की ऑफिसात ड्राफ्टच्या गप्पा सुरू होतात. ड्राफ्ट म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, एनएफएलमध्ये, कॉलेजची पोरं भरती करायचा सोहळा. बत्तीस टीम, सात फेऱ्या, आणि आदल्या वर्षी जो शेवटचा आला त्याला पहिली निवड. म्हणजे कॅम्पस प्लेसमेंटच, फक्त इथे 'डे वन'चा मान सगळ्यात बुडीत कंपनीला. आणि पोरांना पसंतीबिसंती विचारत नाहीत. आयोवा राज्यात एनएफएलची टीमच नाही, त्यामुळे इथे सगळा जीव कॉलेजच्या टीमवर. आणि आयोवाचं कॉलेज प्रसिद्ध कशासाठी, तर टाइट एंडसाठी. 2019 साली हॉकेन्सन आणि फँट, एकाच कॉलेजचे दोन टाइट एंड, एकाच वर्षी पहिल्या फेरीत गेले. 2023 ला लापोर्टा.

टाइट एंड म्हणजे काय, हे मला शेजारच्या क्युबिकलमधल्या काकांनी शिकवलं. काका म्हणजे साठी उलटलेले, मेनफ्रेमवर आयुष्य घालवलेले, शाळेत स्वतः टाइट एंड खेळलेले आणि त्यापायी एक गुडघा गमावलेले. मी मनात काका म्हणतो, तोंडावर अर्थातच पहिल्या नावाने (अजूनही जीभ अडखळते). तर टाइट एंड रांगेच्या टोकाला उभा राहतो. अर्धा वेळ समोरच्या सव्वाशे किलोच्या गड्याला अंगाने थोपवायचं, उरलेला अर्धा वेळ पळत जाऊन पास झेलायचा. एकाच माणसाने हमालीही करायची आणि गाणंही म्हणायचं. आपल्या भाषेत फुल-स्टॅक डेव्हलपर. आणि फुल-स्टॅकसारखंच, टीव्हीवर फक्त फ्रंट एंड दिसतो.

2025 च्या ड्राफ्टला ऑफिसात पैज लागली होती, पहिला टाइट एंड कोण जाणार? हरणाऱ्याने जेवण द्यायचं. मी म्हटलं, हा तर डेटा प्रॉब्लेम! दोन वीकेंड घालवून एक्सेल शीट केली. इंडियानापोलिसला कंबाइन नावाची परीक्षा असते. चाळीस यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर पळायचं, उंच उडी, लांब उडी, एकशे दोन किलोचं वजन दमेपर्यंत उचलायचं. ते सगळे आकडे, वर कॉलेजमधले कॅच आणि यार्ड, प्रत्येकाला वेटेज, शेवटी एक स्कोअर. मग जुन्या लोकांवर टेस्ट केली.

आणि शीटची अब्रू गेली. ब्रॉक बॉवर्स सगळ्यात तळाला! 2024 साली तेराव्या क्रमांकावर गेलेला, पहिल्याच सीझनमध्ये 112 कॅच घेऊन नवख्या खेळाडूंचा विक्रम करणारा गडी. तो कंबाइनला धावलाच नव्हता, आणि माझा फॉर्म्युला रिकाम्या रकान्याला शून्य समजत होता. अँटोनियो गेट्सला तर ओळच नाही. तो कॉलेजात बास्केटबॉल खेळायचा, 2003 ला त्याला कोणीच ड्राफ्ट केलं नाही, आणि 2025 साली हॉल ऑफ फेममध्ये गेला. जॉर्ज किटल 112 किलो वजन घेऊन 4.52 सेकंदांत धावला होता, पण आयोवात चार वर्षांत मिळून 48 कॅच. त्या 48 ने त्याला खाली ओढलं. 2017 ला पहिल्या फेरीत तीन टाइट एंड गेले, किटल पाचव्या फेरीत, 146 वा. पुढच्याच वर्षी, म्हणजे 2018 ला, त्याने 1377 यार्ड काढले. टाइट एंडचा तेव्हाचा विक्रम.

काकांनी शीट बघितली. हसले नाहीत, ते बरं. म्हणाले, "किटलला पास फेकलेच किती? आमची आयोवाची टीम रन-रन करणारी. त्याला जे काम दिलं होतं ते थोपवायचं, आणि ते त्याने चोख केलं. तुझ्या शीटमध्ये त्याचा रकाना कुठाय?"

नव्हता. थोपवलेल्या माणसाचा सरळ आकडा निघत नाही, तो डोळ्यांनीच बघावा लागतो. मग दोन-तीन संध्याकाळी काकांनी मला मॅचेस दाखवल्या. त्यांची पद्धत अशी, की बॉल ज्याच्याकडे जातोय त्याच्याकडे बघायचंच नाही. पास दुसऱ्याला असेल तेव्हा आपला माणूस काय करतो ते बघायचं. धक्का दिल्यावर पाय हलतात की तिथेच थांबतात? टीम वीस पॉइंटनी मागे असताना शेवटच्या पंधरा मिनिटांत तो कुणाला थोपवतोय की नुसता उभा आहे? आणि हल्ली बरीच कॉलेजं टाइट एंडला रांगेपासून दूरच उभं करतात. त्याने कधी कोणाला थोपवलेलंच नसतं, मग बघणार काय? म्हणून हे पद ओळखायला इतकं अवघड. एनएफएलमध्ये आल्यावर दोन्ही कामं शिकता शिकता दोन-तीन वर्षं जातात.

पैज मी हरलो. मी पेन स्टेटच्या वॉरनवर होतो, 2024 च्या सीझनमध्ये 104 कॅच! काका मिशिगनच्या लव्हलंडवर, 56 कॅच. शिकागोने दहाव्या क्रमांकावर लव्हलंडला उचललं, वॉरन चौदावा गेला. दोघांत खरा सरस कोण हे त्याने ठरत नाही, हे काकाही म्हणाले. पण जेवण घेतलंच.

यंदा ती शीट परत उघडली आणि ट्रॅव्हिस केल्सीच्या ओळीशी अडकलो. 2013, तिसरी फेरी, 63 वा. पुढे सलग सात सीझन हजार यार्डांच्या वर आणि तीन सुपर बोल. पण 2010 च्या रकान्यात काहीच नाही. नियम मोडल्याबद्दल कॉलेजच्या टीमने त्याला ते वर्षभर बाहेर काढलं होतं. मोठा भाऊ जेसन त्याच टीममध्ये, त्याने शब्द टाकला म्हणून परत घेतलं.

एक वर्ष रिकामं. आपल्याकडे ह्याला वायडी म्हणतात.

आणि मला पार्टनर आठवला. म्हणजे हॉस्टेलचा रूम पार्टनर. सेकंड इयरला त्याचे वडील आजारी पडले, तो तीन महिने गावी, परीक्षा बुडाल्या, इयर डाऊन. माझी एम-थ्री राहिली होती, ती त्याने स्वतःच्या वायडीच्या वर्षात बसून माझ्याकडून करून घेतली. लाप्लास ट्रान्सफॉर्म मला आजही त्याच्याच आवाजात ऐकू येतात. मी 2019 ला पास आउट, कॅम्पसमधून सिलेक्ट. तो 2020 ला, लॉकडाउनच्या तोंडावर. आता नाशिकला सातपूरच्या एका छोट्या कंपनीत आहे, कारखान्यातल्या मशीनवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर लिहितो.

फेब्रुवारीत त्याने सीव्ही पाठवला होता. रेफरलसाठी, आमच्या पुण्याच्या टीममध्ये. प्राथमिक चाळणीची शीट माझ्याचकडे आहे. साठ टक्के थ्रूआउट, गॅप नको, बॅकलॉग नको. हे फिल्टर कोणी वरून लादलेले नाहीत. दीडशे सीव्ही एका संध्याकाळी संपवायचे म्हणून मीच लावले होते. त्याचा सीव्ही मी उघडलासुद्धा नाही. व्हॉट्सॲपवर लिहिलं, "प्रोफाइल मॅच होत नाहीये रे." त्याने अंगठा पाठवला. मग विचारलं, तिकडे बर्फ किती पडलाय.

काल रात्री त्याच शीटमध्ये गंमत म्हणून माझी स्वतःची ओळ टाकली. एम-थ्रीमुळे लाल झाली.

झोप येईना, म्हणून त्याच्या सीव्हीवरची गिटहबची लिंक उघडली. पहाटे अडीचपर्यंत कोड वाचत होतो. चकचकीत असं काही नाही. पण नेटवर्क गेलं तर काय, सेन्सरने उलटसुलट आकडा दिला तर काय, वीज जाऊन आली तर अर्धवट नोंद कुठे जाणार, सगळं सांभाळलेलं. एका ठिकाणी मराठीत कॉमेंट होती, रात्रपाळीचा ऑपरेटर हे बटण दोनदा दाबतो म्हणून. पास दुसऱ्याला असताना हा माणूस काय करतो, ते दिसत होतं.

सकाळी मॅनेजरला तीन परिच्छेदांचा मेल लिहिला. त्यात फिल्टर मी लावला होता हेही लिहिलं. दीडशेपैकी लाल झालेल्या उरलेल्या सगळ्या ओळी परत उघडायच्या आहेत. दोन वीकेंड जातील. मग पार्टनरला फोन केला. नाशकात रात्र झाली होती, मागे टीव्ही चालू होता. आधी सॉरी म्हटलं, ते त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मॅनेजर हो म्हणाले तर इंटरव्ह्यू मंगळवारी, तुझ्याकडे रात्री साडेआठ, असं सांगितलं.

थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "टाय घालायला लागेल का रे?"