कपाळावरचा घाम

खालापूर तालुक्यातल्या चौक गावाच्या आसपासच्या वाड्यांवर एखादं बाळ अंग धरत नसेल, तर पहिला संशय पोटावर जातो. दूध पुरत नसेल, जंत झाले असतील, आईच्याच अंगात रक्त नसेल. बहुतेकदा हा अंदाज बरोबर ठरतो, कारण कर्जत-खालापूरच्या ठाकर आणि कातकरी वाड्यांवर कुपोषण खरोखरच आहे. पण त्याच्याच आड आणखी एक कारण लपून राहतं. काही बाळांच्या हृदयात जन्मापासूनच दोष असतो. पोटात गेलेलं दूध श्वासाच्या कष्टातच खर्च होतं आणि काट्यावर दिसतो तो फक्त न वाढणारा आकडा.

इथल्या एका अंगणवाडीताईंना हे कारण उशिरा कळलं. त्यांच्या लहानपणी शेजारच्या घरात एक बाळ होतं. अंगावर पिताना त्याचं कपाळ घामानं निथळायचं, ऐन थंडीतसुद्धा. दोन घोट घ्यायचं, थांबायचं, धापा टाकायचं. बायका मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढायच्या. पावसाळ्यात छाती भरली, बरी झाली, पुन्हा भरली आणि बाळ गेलं. परळला लहान मुलांचं वाडिया हॉस्पिटल १९२९ पासून उभं होतं. शेजारच्याच केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं होतं. चौकहून मुंबईला जाणारा रस्ता होता, एस.टी. होती. पण बाळाचं हृदय कुणाला तरी दाखवावं, हे कुणाच्या मनातही आलं नाही. ते बाळ नेमकं कशानं गेलं, ते आता कुणीच सांगू शकणार नाही. ताईंच्या मनात मात्र तो घाम राहिला.

पुढे ताई अंगणवाडीत लागल्या. एका तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी एका आईला सहज विचारलं, ‘पिताना घाम येतो का?’ तेव्हा ताई जागच्या जागी थबकल्या. नंतर डॉक्टरांनी त्यांना नीट समजावून सांगितलं. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं भोक असलं, की डावीकडचं रक्त उजवीकडे घुसतं आणि फुप्फुसांत पूर येतो. बाळाचा श्वास वाढतो आणि दूध ओढणं हीच त्याची मोठी मेहनत होऊन बसते. जन्मलेल्या दर हजार बाळांत आठ-नऊ बाळांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. त्यात पडद्याचं भोक सगळ्यात जास्त आढळतं.

यात फसगत करणाऱ्या गोष्टी पुष्कळ. जन्मल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत फुप्फुसांतला दाब जास्त असतो, त्यामुळे भोकातून रक्त फारसं वाहत नाही आणि नळी लावली तरी आवाज येत नाही. काही आठवड्यांनी दाब उतरला, की खरखर ऐकू येऊ लागते. म्हणजे प्रसूतीनंतर ‘बाळ ठीक आहे’ म्हणून घरी पाठवलेल्या बाळाचं हृदय दीड महिन्यानं, लसीच्या वेळी, पुन्हा ऐकावंच लागतं. शिवाय लहान भोकाचा आवाज मोठा असू शकतो आणि मोठ्या भोकाचा हळू. पुष्कळ धडधाकट मुलांच्या छातीतही निरुपद्रवी आवाज येतो. सावळ्या बाळाची निळी झाक ओठांवर चटकन दिसत नाही, ती जिभेवर पाहावी लागते. आणि खेळता खेळता दमून उकिडवं बसणारं मूल आळशी नसतं. ‘फॅलोची चौकडी’ म्हणजे चार दोष एकत्र असलेल्या हृदयविकारात तसं बसल्यानं फुप्फुसांकडे थोडं जास्त रक्त जातं, हे त्याच्या शरीरानंच शोधून काढलेलं असतं.

हृदयाचा दोष कानांशिवायही ओळखता येतो. अमेरिकेतल्या डॉ. हेलन टॉसिग यांना ऐकू कमी येत असे. त्या मुलांच्या छातीवर बोटं ठेवून हृदयातली थरथर ओळखत. निळ्या पडणाऱ्या मुलांसाठी त्यांनी सुचवलेली शस्त्रक्रिया २९ नोव्हेंबर १९४४ रोजी बाल्टिमोरमध्ये आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी केली. तिची तयारी प्रयोगशाळेत विवियन थॉमस यांनी करून ठेवली होती. आज निदानावर शिक्कामोर्तब करतो तो टू डी इको, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदय दाखवणारी तपासणी. त्याचं मूळ १९५३ सालचं, स्वीडनमधल्या लुंडचं. धातूतल्या भेगा शोधणारं ध्वनिलहरींचं यंत्र एडलर आणि हर्ट्झ या संशोधकांनी माणसाच्या छातीवर लावून पाहिलं. पण यंत्रापर्यंत बाळ पोचतं ते कुणाला तरी शंका आली तरच. 

ही शंका सरकारी कामकाजात बसवण्याचा प्रयत्न महाराष्ट्रातूनच सुरू झाला. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं उद्घाटन झालं. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतात. संशय आला तर मूल इकोसाठी पुढे जातं. पनवेलच्या पुढे खारघरला श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयाचे उपचार पूर्ण मोफत होतात. चौकच्या माणसाला हे अंतर आज खरोखर आवाक्यातलं आहे.

२०२०च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या करोनाकाळातल्या मोहिमेत रक्तातला प्राणवायू मोजणारा ऑक्सिमीटर दारोदार फिरला आणि बोटावरचा तो चिमटा वाड्यांना ओळखीचा झाला. हेच मोजमाप हृदयदोष शोधायला नवजात बाळाचंही करता येतं, फक्त त्याला वेगळी पट्टी लागते. उजवा हात आणि एक पाय, दोन्हीकडे मोजायचं. आकडा ९५ टक्क्यांच्या खाली आला, किंवा दोन्हींत तीनपेक्षा जास्त फरक पडला, तर पुन्हा मोजायचं आणि गरज पडली तर इको करायचा. नव्वदच्याही खाली असेल तर थांबायचंच नाही. हे प्रत्येक प्रसूतिगृहात नेमानं व्हायला हवं. काही मिनिटांचं काम आहे, आणि ज्या दोषांत आवाज नसतो त्यांतले काही यात सापडतात.

ताईंच्या वाडीवरच्या एका आईनं मध्यंतरी आपण होऊन सांगितलं, ‘ताई, ओढतच नाय. दोन घोट घेतो नि भिजून जातो.’ ताईंनी वजनाचा तक्ता बाजूला ठेवला आणि त्याच दिवशी त्या आईला बाळासह चौकच्या ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेल्या. तिथून पुढे इको झाला, भोक दिसलं, औषध सुरू झालं, शस्त्रक्रियेसाठी नाव लागलं.

खरी अडचण मात्र नंतरची. दिवाळी सरली की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. पथकाची एक फेरी हुकते, पुढची तारीख हुकते. औषधाची मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे मधले महिने असेच जाऊ देऊन चालत नाही. म्हणून ताई अशा बाळाच्या नावापुढे भट्टीचं गाव आणि मुकादमाचा फोन लिहून ठेवतात. त्या गावच्या अंगणवाडीताईला फोन लावतात, बाळाचं ताजं वजन विचारतात आणि पुढच्या इकोची तारीख तिलाही लिहून घ्यायला सांगतात.