पंचेचाळिसावा अध्याय

दुसऱ्यानं घडवलेली माणसं आपल्या गोष्टीत आणणं ही निर्मिती की आगळीक, या प्रश्नाचं उत्तर मराठी वाचकाला तसं सोपं वाटावं. १९५९ साली 'ययाति' आली, १९६७ साली 'मृत्युंजय'. खांडेकरांनी देवयानी-शर्मिष्ठेला व्यासांकडून घेतलं आणि आपल्या काळाचे प्रश्न त्यांच्या तोंडी घातले. सावंतांनी कर्णाला शोणाच्या, वृषालीच्या, दुर्योधनाच्या डोळ्यांनी पाहिलं. व्यासांचा अपमान झाला असं फार कुणी म्हटलं नाही. मग हॅरी पॉटरच्या शाळेत आपली एक नवी मुलगी दाखल करून रात्ररात्र लिहिणाऱ्या पंधरा वर्षांच्या पोरीला 'स्वतःचं काहीतरी लिही' असं कोणत्या तोंडानं सांगायचं? फॅनफिक्शन हे नाव नवं, रीत जुनी. एवढं म्हणून मला थांबता यायला हवं होतं. पण एकनाथ महाराजांची नरोटी मध्ये येते आणि काही केल्या बाजूला होत नाही.

ज्ञानेश्वरी १२९० साली नेवाशात सांगून झाली. पुढची तीनशे वर्षं ती हातांनी उतरवली गेली आणि उतरवता उतरवता बिघडत गेली. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि शेवटी एक ताकीद लिहून ठेवली. यापुढे या ग्रंथात जो आपली मराठी ओवी घालील, त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजावं, अशा अर्थाची. नारळाची रिकामी करवंटी, आणि ती अमृताच्या ताटात! इतक्या मवाळ माणसाच्या लेखणीतून आलेलं हे वाक्य मला आजही कठोर वाटतं.

कारण ओवी घालणारा कोण असेल, याचा मी विचार करत राहते. ग्रंथाचा वैरी तो नक्कीच नव्हता. वैरी नऊ हजार ओव्या हातानं उतरवत बसत नाही. दिव्यापाशी बसून लिहिता लिहिता ती चाल त्याच्या अंगात भिनली असेल, एखाद्या दृष्टांतापाशी मन इतकं भरून आलं असेल की पुढची ओवी आपोआपच आली. त्यानं ती पोथीत सरकवली. नाव लिहिलं नाही, श्रेय मागितलं नाही. नाथांनी नेमकं हेच भेसळ म्हणून नाकारलं. नाथांचं बरोबरच होतं. तसं केलं नसतं तर माउलींचं कोणतं आणि उतरवणाऱ्याचं कोणतं, हे कळायला मार्ग उरला नसता. तरीही त्या अनाम माणसाची मला माया वाटते. नरोटी हे भीक मागायचंही भांडं आहे. ताटात ती ठेवणारा ताट बाटवायला आला होता की त्यातलं थोडं मागायला, हे मला ठरवता येत नाही.

आणि याच नाथांचं भावार्थ रामायण! वाल्मीकींच्या कथेला त्यांनी आपला भाव दिला, तिचा विस्तार केला. युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत ते आले आणि ग्रंथ अपुरा राहिला. परंपरा सांगते की पुढचा भाग गावबानं लिहिला. हा गावबा म्हणजे पुरणपोळीच्या ओढीनं नाथांच्या वाड्यात येऊन राहिलेला, सगळ्यांनी मंदबुद्धी ठरवलेला पोरगा. गुरूचं नाव सोडून दुसरा मंत्र त्याच्या तोंडी बसत नसे, अशी कथा आहे. माझी आजी चातुर्मासात हे रामायण वाचायची. पंचेचाळिसावा अध्याय आला तेव्हा तिचा आवाज जराही बदलला नव्हता. मला गावबाची गोष्ट फार पुढे कळली आणि तेव्हापासून मी विचारत आले आहे: ज्ञानेश्वरीत जी नरोटी, ती रामायणात प्रसाद कशी झाली?

आज्ञा होती म्हणून, हे उत्तर लगेच सुचतं. नाथांनीच गावबाला सांगितलं होतं, असं कथा म्हणते. तुकोबांनाही आज्ञाच होती. नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि राहिलेले अभंग पुरे करायला सांगून गेले, हे तुकोबांनीच अभंगात सांगून ठेवलं आहे. पण स्वप्नातल्या आज्ञेला साक्षीदार नसतो. एखाद्या पुस्तकावर जीव जडलेल्या कुणालाही, याचं पुढचं मीच लिहावं अशी लेखकाची इच्छा आहे, असं वाटू शकतं. त्यातली कोणती आज्ञा खरी?

जिवंत लेखकापाशी आलं की माझा जीव दुसरीकडे ओढ घेतो. आपल्या होल्डन कॉलफिल्ड या नायकाला म्हातारा करून दुसऱ्यानं लिहिलेली कादंबरी थांबवायला कादंबरीकार सॅलिंजर २००९ साली कोर्टात गेले, तेव्हा ते नव्वद वर्षांचे होते. १६१४ साली कुणी टोपणनावानं 'डॉन किहोते'चा दुसरा भाग छापला. सर्व्हान्तेसनं पुढच्या वर्षी आपला दुसरा भाग काढला आणि शेवटी नायकाला मारून टाकलं. त्याला पुन्हा कुणी उठवू नये म्हणून! ही वेदना खोटी नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ५७ वं कलमही ती ओळखतं. हक्क विकल्यावरही, आपल्या कृतीची मानहानी होईल अशी मोडतोड झाली तर लेखकाला दाद मागता येते. त्याच कायद्यानं खांडेकरांची 'ययाति' २०३६ सालाच्या अखेरपर्यंत राखलेली आहे. व्यासांचा ययाती मात्र सगळ्यांचा. मग मेलेल्या लेखकाला दुखत नाही असं समजायचं? की त्याचं दुखणं आपल्यापर्यंत पोचत नाही, एवढंच?

लिहायला बसले तेव्हा मी लिहिणाऱ्या पोरांच्या बाजूची होते. आता नाथांच्या ताकिदीचीही आहे, आणि या दोन बाजू माझ्यात एकमेकींना भेटत नाहीत. लिहिणाऱ्यांना माझी विनंती एवढीच: मूळ पुस्तक पुन्हा पुन्हा वाचा, ते कुणाचं हे वर ठळक लिहा, आपलं नाव खाली लिहा, आणि आपली ओवी दुसऱ्याच्या पोथीत गुपचूप सरकवू नका. गावबानं मात्र यातलं काही पाळलं नाही. त्यानं वेगळा ग्रंथ केला नाही, त्याच ग्रंथात तो पुढे लिहीत गेला, आणि त्याचे अध्याय आजही नाथांच्याच रामायणात छापले जातात.