झालं, झालंय, झालं होतं

नोकरीचा अर्ज तपासायला कुणी हातात दिला की मी आधी शिक्षणाची ओळ वाचते. नांदेडचा मुलगा असो की लातूरची मुलगी, ती ओळ बहुधा ठरलेली असते: ‘आय हॅव कम्प्लिटेड माय बीएस्सी इन 2019.’ इंग्रजीत हे वाक्य बसत नाही. ‘हॅव’ ठेवायचं तर साल काढावं लागतं, साल ठेवायचं तर ‘हॅव’ काढावं लागतं. मुलं ऐकतात, मान डोलावतात, अर्ज दुरुस्त करतात आणि पुढच्या अर्जात पुन्हा तेच लिहितात. एकीने एकदा सरळ विचारलंच, “मॅडम, मराठीत तर चालतंय की!”

खरंच चालतं. ‘मी 2019 मध्ये बीएस्सी पूर्ण केली आहे’ या वाक्यात खटकण्यासारखं काही नाही. ‘पैसे परवाच भरलेत’, ‘पत्र काल पाठवलंय’ असं आपण दिवसभर बोलतो. मराठीतलं ‘आहे’ सांगतं की केलेल्या कामाचा परिणाम आज हाताशी आहे. काम कधी झालं तेही त्याच वाक्यात सांगितलं तरी त्याची हरकत नसते. इंग्रजीतल्या ‘हॅव’ची असते. ‘यस्टरडे’, ‘लास्ट इयर’, ‘इन 2019’ असा संपलेला काळ बोटाने दाखवला की ते वाक्यातून उठून जातं.

आपल्याकडे तीन रूपं आहेत: गेलो, गेलो आहे, गेलो होतो. इंग्रजीतही तीन दिसतात: वेंट, हॅव गॉन, हॅड गॉन. तिनाला तीन आहेत म्हटल्यावर मुलं बिनधास्त जोड्या लावतात. नांदेडच्या वर्गात घरी उर्दू बोलणारी मुलंही असतात. त्यांच्याकडेही आया, आया है, आया था अशी तीनच रूपं, आणि ‘मैं कल ही आया हूँ’ हेही तिथे बिनदिक्कत चालतं. म्हणजे दोन भाषा पाठीशी असल्या तरी या एका ठिकाणी त्यांचा उपयोग होत नाही.

‘मी काल लातूरला गेलो होतो’ हे घ्या. मराठीत याचा अर्थ जाऊन आलो, विषय संपला. मुलगा म्हणतो, ‘आय हॅड गॉन टू लातूर यस्टरडे.’ इंग्रजी कान तिथे थांबून पुढच्या वाक्याची वाट बघतो. गेला होतास, मग तेवढ्यात काय घडलं? ‘हॅड’ला भूतकाळातच दुसरी एखादी घटना लागते, जिच्या आधी हे घडलं. तशी घटना नसेल तर साधं ‘वेंट’ पुरे.

उलट बाजूने, मराठीचा साधा भूतकाळ वर्तमानातही सहज वावरतो. लोह्याच्या स्टँडवर कुणी ‘बस आली!’ ओरडतं, तेव्हा बस वळणावर दिसतेय एवढंच. ‘भूक लागली’ म्हणणाऱ्याला भूक आत्ता आहे. ‘कळलं का?’ या प्रश्नाचं इंग्रजी ‘डू यू अंडरस्टँड?’ होतं. भूतकाळाचा तिथे मागमूसही नाही.

सगळ्यात मोठी अडचण नकारात आहे आणि पुस्तकं ती क्वचितच सांगतात. ‘बस आली नाही.’ सकाळी स्टँडवर ताटकळत उभा असलेला मुलगा फोनवर हे बोलतो आणि दुसऱ्या दिवशी गैरहजेरीचं कारण म्हणूनही हेच बोलतो. शब्द तेच. इंग्रजीत पहिलं ‘द बस हॅजंट कम’, कारण ती अजून येऊ शकते. दुसरं ‘द बस डिडंट कम’, कारण ती सकाळ गेली. मराठीने ज्याचा निर्णय ऐकणाऱ्यावर सोडला होता तो इंग्रजी बोलणाऱ्याकडून आधीच घेते. माझ्या मते काळ शिकवायला सुरुवात इथून करावी. होकारात मराठी रूपांचा मोह पडतो. नकारात ‘आली नाही’ हे एकच मराठी रूप दोन्हीकडे चालत असल्याने विचार करावाच लागतो.

आपल्याकडे सुरुवात होते ती शब्दांच्या यादीपासून. जस्ट, ऑलरेडी, येट, एव्हर, नेव्हर, सिन्स, फॉर दिसलं की ‘हॅव’ लावा. बोर्डाच्या पेपरात ‘डू अ‍ॅज डायरेक्टेड’खाली सुटं वाक्य येतं आणि कोणता काळ करायचा तेही तिथेच लिहिलेलं असतं. क्रियापदाचं तिसरं रूप पाठ असलं की गुण मिळतात. पण त्यात निवड कुठे आली? ती पेपर काढणाऱ्यानेच करून टाकलेली असते. लातूरच्या ट्यूशन एरियात तर बारावीची मुलं जीवशास्त्र आणि रसायनशास्त्रात बुडालेली असतात. नीटमध्ये इंग्रजीचा पेपर नाही, त्यामुळे इंग्रजी हा पास होण्यापुरता विषय. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण हीच मुलं पुढे मुलाखतीला बसतात, आणि समोरचा माणूस ‘जस्ट’ किंवा ‘ऑलरेडी’ची खूण देऊन प्रश्न विचारत नाही.

यादी तशीही फसवी असते. ‘फॉर’ दोन्हीकडे चालतं. अहमदपूरहून अकरावीसाठी लातूरला आलेली, अजून होस्टेलवरच असलेली मुलगी म्हणेल, ‘आय हॅव लिव्ह्ड इन लातूर फॉर टू इयर्स.’ तीच पुढच्या वर्षी पुण्यात गेल्यावर ‘आय लिव्ह्ड इन लातूर फॉर टू इयर्स’ म्हणेल. वर्षं दोनच, गाव तेच, ‘फॉर’ही तसंच. बदललं ते तिचं आजचं ठिकाण.

वर्गात मी एक वाक्य सकाळच्या आणि संध्याकाळच्या, अशा दोन्ही बॅचना देते: आज सकाळी मी दोनदा चहा घेतला. सकाळच्या बॅचचं उत्तर ‘आय हॅव हॅड टी ट्वाइस धिस मॉर्निंग’, कारण सकाळ सरलेली नाही, तिसरा चहा होऊ शकतो. संध्याकाळच्या बॅचला ‘आय हॅड’ म्हणावं लागतं. वाक्य कोरं असताना उत्तर काय, असं कुणी विचारलं तर मी म्हणते, आधी घड्याळ बघा. कुणाला तरीही उमगलं नाही तर मी किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीकडे वळते. खातं चालू असेल तोवर ‘हॅव’, हिशेब मिटवून पानावर रेघ मारली की साधा भूतकाळ. घटना किती जुनी आहे याला महत्त्व नाही, पानावर रेघ पडली आहे का ते पाहायचं.

जुनेपणाचा गैरसमज घालवायला नांदेडसारखं गाव नाही. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगजींनी इथेच गुरू ग्रंथ साहिबला गुरुगादी दिली. हे इंग्रजीत साध्या भूतकाळात जाईल. पण तेव्हापासून ग्रंथ साहिबच गुरू आहेत, हे सांगताना ‘हॅज बीन द गुरू सिन्स 1708’ असं ‘हॅज बीन’ लागतं. तीनशे वर्षांपूर्वी सुरू झालेली गोष्ट, पण तिच्यावर रेघ नाही. आपली मुलं इथे ‘इज’ लावतात, कारण मराठीत ‘तेव्हापासून आहेत’ हा वर्तमानकाळच असतो. ‘आय अ‍ॅम लिव्हिंग इन नांदेड सिन्स 2015’ हे वाक्यही त्याच वाटेने येतं.

याच गावातलं दुसरं उदाहरण नरहर कुरुंदकरांचं. ते इथल्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य होते आणि 1982 मध्ये, पन्नाशीच्या आतच, गेले. ‘कुरुंदकरांनी खूप लिहिलं आहे’ असं आपण आजही म्हणतो, आणि ते योग्यच आहे, कारण पुस्तकं समोर आहेत. इंग्रजीत मात्र ‘कुरुंदकर हॅज रिटन’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटतं की त्यांचं आणखी एखादं पुस्तक येऊ शकेल. तिथे ‘रोट’ म्हणावं लागतं. माणूस गेला की इंग्रजीत त्याच्या नावापुढचं ‘हॅज’ही जातं. कॉलेज चालू आहे, म्हणून ‘पीपल्स कॉलेज हॅज प्रोड्यूस्ड मेनी टीचर्स’ हे बिनचूक. कर्ता कोण आहे आणि तो अजून आहे का, हाही प्रश्न या काळात दडलेला असतो.

बातमी लिहायला देते तेव्हा मी किल्लारीचा भूकंप घेते. वर्गातली मुलं त्यानंतर जन्मलेली आहेत, पण घराघरात तो ऐकलेला असतो. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारला काही मिनिटं कमी, आदल्या दिवशी गणपती विसर्जन. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. मी सांगते, समजा तुम्ही त्या सकाळी रेडिओवर आहात. इंग्रजी बातमीचा रिवाज असा की पहिलं वाक्य ‘अ‍ॅन अर्थक्वेक हॅज स्ट्रक मराठवाडा’ असं येतं, कारण ती ऐकणाऱ्याच्या आजच्या दिवसात शिरलेली ताजी गोष्ट असते. दुसऱ्या वाक्यापासून वेळ, ठिकाण, तपशील येतो आणि काळ साधा होतो: ‘इट स्ट्रक जस्ट बिफोर फोर.’ एकच घटना, लागोपाठ दोन वाक्यं, दोन काळ. मग म्हणते, आता आजच्या तारखेला लिहा. पहिल्या वाक्यातलं ‘हॅज’ गळून पडतं. पण 52 गावं दुसरीकडे वसवली गेली, आणि लोक त्या नव्या गावठाणांत तेव्हापासून राहताहेत, तिथे ‘हॅव लिव्ह्ड’ परत येतं. एवढा एक परिच्छेद स्वतः लिहिलेल्या मुलाला यादीची गरज उरत नाही.

हा नियम दगडावर कोरलेला आहे असंही नाही. अमेरिकेत ‘डिड यू ईट येट?’ सर्रास म्हणतात. ब्रिटिश वळणाच्या आपल्या पुस्तकांना तिथे ‘हॅव यू ईटन येट?’ हवं असतं. न्यू जर्सीतल्या मावशीशी फोनवर बोलणाऱ्या विद्यार्थ्याने हे मला ऐकवलं, तेव्हा मी त्याला एवढंच सांगितलं, मावशीशी मावशीसारखं बोल, पेपरात पुस्तकासारखं लिही.

मात्र काही वाक्यं अशी असतात की ती तपासताना माझी लाल पेन थांबते. ‘आपलं शहर’ या विषयावर लातूरच्या दोघांनी पाण्यावर लिहिलं होतं. मांजरा धरण कोरडं पडलं आणि 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोचली. ती तारीख दोघांच्याही वहीत साध्या भूतकाळात होती, बरोबर. शेवटचं वाक्य मात्र वेगळं होतं. एकाने लिहिलं, ‘लातूर फेस्ड अ वॉटर क्रायसिस.’ दुसरीने लिहिलं, ‘लातूर हॅज फेस्ड अ वॉटर क्रायसिस.’ त्याच्या मते ते संकट तेव्हाचं होतं, तिच्या मते ते पुन्हा येऊ शकतं. मी दोघांनाही पूर्ण गुण दिले. व्याकरणाच्या हिशेबाने दोघंही बरोबर आहेत. खरं कोण, ते दर जूनमध्ये मांजरा धरणालाच विचारायचं.