कोडवर नाव कोणाचं?

इंजिनिअरिंगमधला ग्रुप प्रोजेक्ट म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. चौघांचा ग्रुप असतो. एक जण कोड लिहितो, एक रिपोर्टच्या प्रिंट काढतो, एक पीपीटीत रंग भरतो आणि चौथा "माझं काही काम असेल तर सांगा रे" म्हणत सगळ्यांना कटिंग पाजतो! हा विनोद मी कॅन्टीनमध्ये शंभर वेळा केलाय. त्यातला 'कोड लिहिणारा' म्हणजे मीच, हेही दर वेळी न चुकता सांगितलंय. आज जे सांगतोय ते त्या विनोदाचं प्रायश्चित्त समजा.

टीईच्या मिनी प्रोजेक्टला आम्ही होस्टेलच्या मेसचं सॉफ्टवेअर घेतलं. कामं वाटली. बिलाचं मॉड्यूल आलं आमच्या सोलापूरच्या मित्राकडे. हा डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेला, शाळा पूर्ण मराठी मीडियम, बोलायला एकदम कमी. पण आठवडाभर तो रोज संध्याकाळी मेसच्या काकूंकडे रजिस्टर घेऊन बसायचा. आम्ही म्हणायचो, "याला बिल कमी करून घ्यायचंय!"

सबमिशनच्या दोन दिवस आधी मी त्याचा कोड उघडला. एकाच फंक्शनच्या दीडशेच्या वर ओळी! इफच्या आत इफ, त्याच्या आत आणखी इफ. डोकंच फिरलं. रात्री दोन वाजता मी तो सगळा उडवला आणि चाळीस ओळींत नवा लिहिला. चालला की! सकाळी ग्रुपवर मेसेज टाकला, "बिलिंग क्लीन केलंय." त्याने अंगठा दाखवला. मला वाटलं, विषय संपला.

सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगला आपल्याला फ्रेड ब्रुक्स असतात. आयबीएमच्या ओएस/३६० चं काम सांभाळलेला हा माणूस. त्यांनी १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात मांडलं, की आधीच रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर आणखी माणसं घातली तर तो आणखी रखडतो. कारण माणसं वाढली की एकमेकांशी बोलण्याच्या जोड्या त्याहून वेगाने वाढतात. चौघांत सहा, आठ जणांत अठ्ठावीस. मी यातून माझ्या सोयीचा अर्थ काढला. बोलण्यात वेळ जातो ना, मग बोलायचंच नाही! सहाच्या सहा जोड्या बंद.

व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी विचारलं, "बिलिंग कोणी केलं?" सोलापूरच्या मित्राने हात वर केला. सर म्हणाले, "हे फंक्शन समजावून सांगा." त्याने स्क्रीनकडे पाहिलं. कोड माझा. तो नुसता उभा. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. 'सर, हा मी बदललाय' एवढं एक वाक्य मी बोलायला हवं होतं. मी बुटांकडे बघत राहिलो. सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

मग सरांनी मलाच विचारलं, "खाडे कसे धरता?" मी रुबाबात म्हणालो, "सलग तीन दिवस किंवा जास्त असतील तरच पैसे वजा, सर." "मग ३० जानेवारी ते २ फेब्रुवारी मुलगा गावी गेला तर?"

मी एंट्री टाकली. वजावट शून्य! माझा कोड महिन्याप्रमाणे मोजत होता. जानेवारीचे दोन, फेब्रुवारीचे दोन, म्हणजे कुठेच तीन नाहीत. सलग चार दिवस जेवला नाही तरी पोराला पूर्ण बिल.

त्या रात्री रूमवर येऊन मी गिटमधला जुना कमिट काढला. गिट हे लिनस टॉरव्हाल्ड्सने २००५ साली लिनक्सच्या कर्नेलसाठी लिहिलं. जगभरातल्या माणसांना एकाच कोडवर काम करता यावं म्हणून. त्यात 'ब्लेम' नावाची कमांड आहे, कुठली ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवते. बिलिंगच्या चाळीसच्या चाळीस ओळींपुढे माझं नाव. आणि जुन्या कोडमधल्या त्या वैतागवाण्या इफमध्ये महिना ओलांडणारे खाडे बरोबर धरलेले होते! तो आधी सलग दिवस मोजत होता, मगच ते दोन महिन्यांत वाटत होता. काकूंच्या रजिस्टरवरून शिकला होता तो. कोड लांब होता, कारण खरा हिशेबच लांब होता.

टपरीवर त्याला "सॉरी" म्हणालो. तो बराच वेळ चहा ढवळत राहिला. मग म्हणाला, "मार्कांचं काय नाय. एक शब्द विचारला असतास तर काय झालं असतं बे?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. त्याचे मार्क काही परत आले नाहीत. त्याचा कोड मात्र मी परत आणला. ओळी लांबच ठेवल्या, फक्त त्याच्याशेजारी बसून प्रत्येक इफवर कॉमेंट लिहून घेतली.

आता बीईच्या प्रोजेक्टलाही आम्ही तेच चौघे आहोत. ग्रुप ठरवताना त्याने एकच अट घातली, विचारल्याशिवाय कोणाची ओळ उडवायची नाही. मी लगेच हो म्हटलं. आणि हो, टपरीवर कटिंग आता मी पाजतो!