खंडित मूर्ति आणि एक रसिक

इंग्लंडांतील बर्नली गांवीं टाउनली हॉल नांवाचा जुना वाडा आहे. आतां तेथें सार्वजनिक संग्रहालय आहे. तेथील एका चित्रापुढें मी बराच वेळ उभा राहिलों. योहान झोफनी या चित्रकारानें तें १७८१ ते १७८३ च्या दरम्यान रंगविलें. आपल्या लंडनच्या ग्रंथालयांत चार्ल्स टाउनली खुर्चींत बसले आहेत, पायाशीं कुत्रा आहे, आणि भोंवतीं संगमरवरी देवदेवतांची अशी दाटी, कीं आपल्याकडील गौरीगणपतींतलें पाहुण्यांनीं भरलेलें माजघरच आठवावें! प्रत्यक्षांत या मूर्ति घरभर मांडलेल्या होत्या. चित्रकारानें त्या एका दालनांत आणून बसविल्या.

टाउनली कॅथॉलिक. त्या काळीं इंग्लंडांत कॅथॉलिकांना पार्लमेंटाचें दार बंद होतें. सधन तरुणांनीं इटलीची यात्रा करावी व येतांना प्राचीन शिल्पें आणावीं, ही तेव्हांची रीतच होती. टाउनलींनीं मात्र त्या छंदाला सारें आयुष्य वाहिलें.

जमिनींतून निघालेल्या मूर्ति बहुधा भंगलेल्या असत. आपल्याकडे खंडित मूर्ति देवघरांत ठेवीत नाहींत. बाळकृष्णाचा हात तुटतांच माझ्या आजीनें ती मूर्ति नदींत विसर्जन केली होती. त्या रसिकांनाही भग्न मूर्ति पाहवत नसे. ते कारागिरांकडून नवे अवयव बसवून घेत.

चित्राच्या पुढील बाजूस थाळी फेकणारा एक तरुण आहे. मायरन या ग्रीक शिल्पकाराच्या कांस्यमूर्तीची ही रोमन काळांतील संगमरवरी प्रतिकृति. ती १७९१ सालीं टिव्होलीजवळ सम्राट् हेड्रियनच्या प्रासादांत सांपडली. टाउनलींनीं ती विकत घेतली व १७९८ सालीं या जुन्या चित्रांत मुद्दाम रंगवून घेतली. परंतु डोकें जोडतांना चूक झाली! त्या तरुणानें मागें वळून थाळीकडे पाहावयास हवें. तो खालीं जमिनीकडे पाहतो.

१८०५ सालीं टाउनली वारले व ब्रिटिश म्युझियमनें त्यांच्या मूर्ति वीस हजार पौंडांस घेतल्या. तत्पूर्वींच, १८०३ सालीं, पार्थेनॉनच्या भग्न शिल्पांना छिन्नी लावण्यास कानोव्हा या थोर शिल्पकारानें नकार दिला होता.

आजीचा बाळकृष्ण नदींत गेला. टाउनलींचा तरुण वांचला, पण चुकीच्या दिशेस पाहत. तुटलें तें तुटलेलेंच जपावें, ही तिसरी वाट त्या दोघांनाही सुचली नाहीं. पण दोघांच्याही मनांत माया होती, याविषयीं मला शंका नाहीं.